सात-दोनची हजेरी

माझ्या साडूबद्दल कुणी चांगलं बोललं की आजही माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे तुम्ही मला भला माणूस समजायला नको. आणि त्याच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात, हीच तर पंचाईत आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण दहा-बारा वर्षं त्याने एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर शिकवायचा क्लास चालवला. मग लोक घरबसल्या फोनवरच शिकायला लागले आणि क्लास बसला. त्यानंतर एक नोकरी आठ महिन्यांत गेली, कारण कंपनीच बुडाली. दुसरी गेली, कारण तिथल्या साहेबाच्या भाच्याला ती हवी होती. उंचीने बेताचा, आवाज असा की दोनदा विचारावं लागायचं, आणि शर्टाच्या खिशात कायम पाठकोऱ्या चिठ्ठ्या नि शिसपेन्सिलीचं थोटूक. कुणी काही बोलायला लागलं की हा लिहून घ्यायचा. रागावलेला मी त्याला कधी बघितला नाही, आणि याचाच मला राग यायचा.

एका रविवारी मेव्हणी घरी आली ती डोळे पुसतच.

"भाऊजी, तुमच्या कारखान्यात यांच्यासाठी काहीतरी बघा ना. काहीही चालेल. इथे जमलं नाही तर आम्हाला गाव सोडावं लागेल. माहेरी भावाच्या घरात मागची खोली आहे, तो ये म्हणतो. पण मुलींची शाळा इथे, आणि भावजयीच्या घरात कायमचं राहायचं म्हणजे कसं ते तुम्हाला सांगायला नको."

माझी बायको माझ्याकडे अशी बघत होती की नाही म्हणायची सोय नव्हती. मी म्हटलं, बघतो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मास्तर शिकलेला, सासुरवाडीत त्याचं कौतुक जास्त, आणि आता माझ्या शब्दावर त्याला नोकरी लागणार होती.

आमचा कारखाना चष्म्याच्या काचा घासायचा. चष्म्याची दुकानं गिऱ्हाइकाची फ्रेम आणि डोळ्यांचा नंबर आमच्याकडे पाठवतात, आम्ही काचा घासून, फ्रेमीत बसवून परत धाडतो. मी तिथे बावीस वर्षं फोरमन. आणि माझी खरी मिजास होती ती सकाळची.

कामाची वेळ आठची, पण मी सातला हजर. आमच्याकडे पाच कॉम्प्युटर, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ते नुसते चालू करून भागायचं नाही. कालची यादी उचलून बाजूला ठेवायची, आजची यादी, म्हणजे कुठल्या ट्रेला डोळ्यांचा कुठला नंबर, ती आणायची, घासणीची मशीनं जोडून द्यायची, प्रिंटर जागा करायचा, एकाला आधी तर दुसऱ्याला नंतर. सगळ्या मिळून त्रेचाळीस पायऱ्या, आणि त्या कुठेही लिहिलेल्या नव्हत्या. माझ्या डोक्यात होत्या. एक चुकली की पहिल्यापासून सुरुवात. आठला माणसं यायची तेव्हा पाचही पडदे उजळलेले आणि मी खुर्चीत पाय ताणून बसलेला.

"तुम्ही आजारी पडू नका हो," मालकीणबाई म्हणायच्या. "तुम्ही नसलात तर कारखाना उघडायचा नाही."

हे वाक्य मी घरी येऊन किती वेळा सांगितलं असेल त्याचा हिशेब नाही. सख्ख्या पुतणीच्या लग्नाला मी पोचलो तेव्हा जेवणं उरकत आली होती. बायकोने तोंड फुगवलं. मी म्हटलं, काय करणार, माझ्यावाचून अडतं. अडतं याचा मला त्रास होता असं मुळीच नाही.

मास्तरला पॅकिंगमध्ये लावून घेतलं. तयार चष्मा डबीत घालायचा, ट्रेमधली चिठ्ठी बघून डबीवर गिऱ्हाइकाचं नाव चिकटवायचं. मान खाली घालून काम करायचा. दोन-तीन महिने सगळं छान चाललं. येता-जाता मी त्याच्या पाठीवर थाप मारायचो, जमतंय ना मास्तर, असं विचारायचो, आणि तो हसून म्हणायचा, "जमतंय दादा, तुमच्या कृपेने."

मग एकदा मला सणकून ताप आला. दोन दिवस मी अंथरुणात आणि कारखाना खरंच अकरापर्यंत उघडला नाही. मी गादीवर पडल्या पडल्या खूश. पण तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी बोलावलं.

"हे एका माणसाच्या डोक्यात राहून चालणार नाही. तुमच्या साडूंना दाखवून ठेवा. घरचेच आहेत."

घरचेच! दुसऱ्या दिवसापासून मास्तर सातला माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसायला लागला, चिठ्ठ्या मांडीवर. आणि प्रत्येक पायरीला एकच प्रश्न, "हे का, दादा?"

मला बावीस वर्षांत कुणी 'का' विचारलं नव्हतं. तिसऱ्या कॉम्प्युटरपाशी मी मनात वीस आकडे मोजायचो, मग बटण दाबायचो.

"वीस का?"

"का म्हणजे? मोजावेच लागतात. नाही मोजले तर अडकतो तो."

त्याने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाला, "दादा, तेवढ्या वेळात प्रिंटर जागा होतो. तो जागा झाला का, हे कॉम्प्युटर त्याला स्वतःच विचारू शकतो. मोजायची गरज नाही."

माझं तोंड कडू झालं. दोन पायऱ्या तर मी त्याला मुद्दाम सांगितल्याच नव्हत्या. म्हटलं, बघू कसं जमवतोय. चार दिवसांत पठ्ठ्याने त्या शोधून काढल्या, आणि वर मला म्हणतो, "ह्या दोन बहुतेक तुमच्या हाताला इतक्या सवयीच्या आहेत की सांगायच्या राहिल्या." टोमणा असता तर मी भांडलो असतो. टोमणा नव्हता.

पंधरा दिवसांनी एका सकाळी मी पहिल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं, नेहमीसारखी खुर्ची ओढली, बसलो, आणि पडद्यावर माझ्या आधीच कुणीतरी काम करायला लागलेलं. यादी बाजूला गेली. नवी आली. मशीन घुर्र करून जागं झालं. माऊसला मी हातही लावला नव्हता. मग मोठ्या हिरव्या अक्षरांत आलं, 'सर्व तयार.' मी दुसऱ्याचं बटण दाबलं. तेच. पाचांचं मिळून दीड मिनिट.

मास्तर मागे उभा होता.

"एक छोटी स्क्रिप्ट लिहिलीये, दादा. तुम्ही जे जे करता ते एका फाइलीत ओळीने हुकमासारखं लिहिलं, आणि ती फाइल अशा जागी ठेवली की कॉम्प्युटर सुरू झाला की आधी तीच वाचणार नि त्याप्रमाणे वागणार. माझं काहीच नाही त्यात. सगळ्या पायऱ्या तुमच्याच."

मी म्हटलं, वा. दुसरं काय म्हणणार? माझे हात मांडीवर पडलेले, आणि घड्याळात सात वाजून पाच मिनिटं. आठ वाजेपर्यंत मला करायला काहीही नव्हतं. तो तास मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. जळलो मी. अंगाला आग लागावी तसा जळलो.

आठला मालकीणबाई आल्या, बघितलं, आणि सगळ्यांना बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्हीही आरामात आठला या. बावीस वर्षं झोपमोड केलीत, तेवढी झोप भरून काढा." बाई मनापासून बोलल्या. त्यापेक्षा त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

घरी गेलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली.

"मास्तरांनी तुमचा तास वाचवला म्हणे!" बायकोचा चेहरा नुसता फुललेला. "आता सकाळचा चहा एकत्र घेता येईल. किती वर्षांनी! आई पण फोनवर म्हणाली, धाकटे जावई गुणाचे आहेत."

"आणि थोरले?"

"अहो, तुमचं काय आता? तुम्ही आहातच की."

तुम्ही आहातच की! त्या दिवसापासून चहा मला बाधायला लागला.

मी सातला जाणं सोडलं नाही. जायचो, पाच बटणं दाबायचो, दीड मिनिट बघायचो आणि मग बसायचो. मनात एकच. बंद पड. एकदा तरी बंद पड. रोज ते हिरवं 'सर्व तयार' यायचं आणि मला ते वाकुल्या दाखवल्यासारखं वाटायचं. मास्तरने त्याला आणखी एक जोड दिली होती. कॉम्प्युटर सुरू झाला की स्क्रिप्ट एका फाइलीत तारीख, वेळ लिहून ठेवायची. त्या फाइलीला त्याने 'हजेरी' नाव दिलं होतं. मालकीणबाईंना हे फार आवडलं. म्हणाल्या, मशीनसुद्धा हजेरी लावतात आता. हसले सगळे.

चार-पाच महिने गेले. आठला येणारी माणसं आता माझ्याकडे बघून नाही, त्या हिरव्या अक्षरांकडे बघून कामाला लागायची. आणि मग ऐकलं, की मालकीणबाई मास्तरला ऑफिसात घेणार आहेत. स्वतंत्र टेबल. त्या संध्याकाळी मी ते केलं.

केलं म्हणजे काय, काहीच केलं नाही. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय. स्क्रिप्ट चालते ती कॉम्प्युटर सुरू होताना. सुरू व्हायला तो आधी बंद झालेला हवा. आणि संध्याकाळी पाचही कॉम्प्युटर बंद करायचं काम माझं. त्या दिवशी मी ते बंद केले नाहीत. फक्त पडदे विझवले, दिवे घालवले, कुलूप लावून किल्ली रखवालदाराकडे दिली, तो पहाटे दार उघडून घरी जायचा, आणि मी घरी आलो. जेवण चांगलं गेलं.

माझा बेत साधा होता. सकाळी कॉम्प्युटर चालूच असणार, म्हणजे स्क्रिप्ट चालणार नाही, म्हणजे कालचीच यादी तशीच. आठला माणसं येतील, गोंधळ उडेल, मास्तर कावराबावरा होईल, मालकीणबाई म्हणतील, फोरमन कुठेत? आणि मी शांतपणे येईन, बाह्या सरसावीन आणि सगळ्यांच्या समोर त्रेचाळीस पायऱ्या हाताने करून दाखवीन. त्यासाठी बावीस वर्षांत पहिल्यांदा मी सातला गेलो नाही. कोपऱ्यावर चहा घेतला. दुसरा घेतला. म्हटलं, घोळ नीट मुरू दे.

आठ वीसला पोचलो तर घोळ कुठला! मशीनं झकास चाललेली. काचा घासल्या जात होत्या, ट्रे सरकत होते, कुणीतरी गुणगुणत होतं.

तपासणीच्या टेबलावर एक मावशी बसायच्या, त्या सगळ्यांत आधी यायच्या. मला बघून म्हणाल्या, "सगळं चालू करून चहाला गेला होतात होय? मी आले तर पडदे तेवढे काळे. लावले, तर सर्व तयार. म्हटलं, फोरमनसाहेब सातला येऊन गेलेले दिसतात."

कालचं 'सर्व तयार.' पडद्यावर कालपासून तसंच बसलेलं. त्या वाक्यात तारीख नव्हती. आणि आमच्या ट्रेंचे नंबर रोज एकपासून सुरू होतात. म्हणजे आजच्या एक नंबरच्या ट्रेमधल्या माणसाला कालच्या एक नंबरच्या माणसाच्या काचा घासल्या जात होत्या.

तोंड उघडायचं होतं ते त्याच क्षणी. थांबा, यादी कालची आहे, एवढंच. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं कळलं? सातला आला होतात तर बघितलं नाहीत? आला नव्हतात तर कॉम्प्युटर चालू कसे?

"चहाला गेला होतात ना?" मावशींनी पुन्हा विचारलं.

"हो," मी म्हटलं.

मग मी म्हटलं, तपासणीत पकडलं जाईल. कसलं पकडलं जातंय! मावशी काच मोजून यादीशी ताडून बघायच्या, आणि यादी तीच कालची. नंबर अगदी बरोबर. फ्रेमचा आकार मशीन स्वतः चाचपून घेतं, त्यामुळे काचा फ्रेमीत अशा चपखल बसल्या की बोट ठेवायला जागा नाही. पॅकिंगमध्ये मास्तरने चिठ्ठ्या बघून नावं चिकटवली. मी सकाळभर आता सांगतो, आता सांगतो करत मूग गिळून बसलो. साडेबाराला गाडी निघाली. सकाळच्या खेपेच्या अडतीस जोड्या, अडतीसही चुकीच्या. दुपारची यादी वेगळी येते, ती बरोबर होती. संध्याकाळी मी पाचही कॉम्प्युटर व्यवस्थित बंद केले. दोनदा तपासून बंद केले.

तिसऱ्या दिवशी फोन खणखणायला लागले. कुणा शिक्षिकेने दोन दिवस डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या होत्या. एक आजोबा जिन्यावरून पडता पडता वाचले. सगळ्यात मोठं दुकान, ज्याच्यावर आमचा निम्मा धंदा, त्याचा मालक स्वतः येऊन मालकीणबाईंच्या खोलीत तासभर ओरडला. जाताना म्हणाला, जबाबदार माणूस कोण ते मला कळलं पाहिजे, आणि तो माणूस इथे दिसता कामा नये.

मालकीणबाईंनी मास्तरला बोलावलं. मला फोरमन म्हणून शेजारी उभं केलं.

"तुमची ती स्क्रिप्ट," त्या म्हणाल्या. "काय झालं त्या दिवशी?"

मास्तर म्हणाला, "बघून सांगतो. थोडा वेळ द्या."

तो हजेरीची फाइल उघडायला गेला. त्या दिवसाची ओळच त्यात असणार नव्हती. ओळ नाही म्हणजे कॉम्प्युटर सुरूच झाले नाहीत. सुरू झाले नाहीत म्हणजे आदल्या संध्याकाळी बंद झाले नव्हते. आणि बंद कोण करतं ते तपासणीच्या मावशींपासून रखवालदारापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, संपलं. बावीस वर्षं संपली.

अर्ध्या तासाने मास्तर आला. छापलेला कागद मालकीणबाईंपुढे ठेवला.

"कॉम्प्युटर वेळेवर सुरू झाले होते, बाई. पण नवी यादी यायला त्या दिवशी उशीर झाला. माझ्या स्क्रिप्टने वाट बघायला हवी होती, तिने न बघता 'सर्व तयार' म्हणून टाकलं. चूक माझी आहे."

मी कागदावर वाकून बघितलं. त्या दिवसाच्या तारखेपुढे पाचही कॉम्प्युटरची नोंद होती. पहिली सात वाजून दोन मिनिटं.

मालकीणबाईंनी डोळे मिटले. "मास्तर, मला तुम्हाला ठेवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "महिनाअखेरपर्यंत या."

ट्रे धुवायची एक लहानशी खोली आहे मागे. मी त्याला तिथे ओढत नेलं.

"हे काय केलंत?"

"काय?"

"ती ओळ! त्या दिवशी ओळ नव्हती. असणारच नव्हती!"

त्याने खिशातल्या चिठ्ठ्या चाचपल्या, पण काढल्या नाहीत.

"नव्हती," तो म्हणाला. "मी हाताने लिहिली. रोजची तुमची वेळ बघितली, सात-दोन असते, तीच टाकली."

"का?"

आता 'का' मी विचारत होतो. त्याने मान वर केली.

"दादा, मला कुठेतरी काम मिळेल. तुम्ही बावन्न वर्षांचे. तुम्हाला दुसरं काय येतं?"

कुजकेपणा नव्हता त्यात. मी उपाशी आहे का, असं विचारावं तसं तो बोलला. मी जे केलं ते त्याला कळलं होतं, का केलं तेही कळलं होतं, आणि तो माझी कीव करत होता. माझ्या कानशिलात कुणी ठेवून दिली असती तरी इतकी लागली नसती. आणि माझ्या मनात काय आलं असेल? लाज आली का? आली, पण नंतर. आधी आलं ते असं, की हा इथेही माझ्या पुढे गेला. कॉम्प्युटरमध्ये गेला, सासूबाईंच्या मनात गेला, आणि आता चांगुलपणातही गेला, आणि मी याच्या उपकाराखाली आयुष्यभर राहायचं? छे! हे मला सोसलं नाही.

मी तडक मालकीणबाईंच्या खोलीत गेलो. खरं बोलायला गेलो, पण ते प्रामाणिकपणा उफाळून आला म्हणून नव्हे. मला त्याला मोठा होऊ द्यायचं नव्हतं.

"बाई, दोष मास्तरचा नाही. त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटर बंदच केले नव्हते. मुद्दाम. सकाळी मी आलो आठ वीसला."

बाईंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला.

"हे काय आहे?"

"हजेरी."

"सात-दोन. बावीस वर्षांत तुम्ही उशिरा आला नाहीत, त्याच दिवशी कसे आलात? मावशींनी मला सांगितलंय, तुम्ही मशीनं लावून चहाला गेला होतात. तुम्ही स्वतः तसं म्हणालात त्यांना."

"खोटं बोललो मी त्यांना! ती ओळसुद्धा खोटी आहे, मास्तरने हाताने लिहिलीये!"

"तो माणूस स्वतःची नोकरी घालवायला खोटी ओळ लिहील?" बाईंचे डोळे चक्क भरून आले. "मला कळतंय तुम्ही काय करताय. मेव्हणीचा संसार आहे. पण असं स्वतःवर ओढून घेऊ नका. मला दोघांना घालवता येत नाही, आणि त्या दुकानाला नाव तर द्यायचंय."

"मास्तरलाच विचारा!"

विचारलं. तो दारात येऊन उभा राहिला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा उगाच अंगावर घेतायत, बाई. त्यांचा स्वभावच आहे तो."

माझा स्वभाव! मी ओरडलो, हात आपटले. जितका ओरडलो तितका मी त्यांच्या नजरेत थोर होत गेलो. शेवटी बाईंनी मला पाणी दिलं, घरी जाऊन पडा म्हणाल्या.

"असा साडू मिळायला नशीब लागतं," त्या मास्तरला म्हणाल्या.

"हो," मास्तर म्हणाला.

महिना संपला तेव्हा त्यांनी सामान बांधलं आणि मेव्हणीच्या भावाकडे, त्या मागच्या खोलीत गेले. मुलींची शाळा वर्षाच्या मध्ये सुटली. धाकटी टेम्पोत बसायला तयार नव्हती. तिला मास्तरने उचलून बसवलं, आणि मला म्हणाला, "येतो दादा. तब्येतीला जपा." त्याच्या जागी मी असतो तर माझ्या तोंडावर थुंकलो असतो.

मालकीणबाईंनी पाचही कॉम्प्युटरमधून त्याची स्क्रिप्ट काढून टाकायला लावली. म्हणाल्या, आपली जुनी रीत बरी, माणूस बरा. मी सातला जातो. त्रेचाळीस पायऱ्या हाताने करतो, तिसऱ्यापाशी वीस आकडे मोजतो. तुम्ही आजारी पडू नका हो, असं बाई परत म्हणायला लागल्यात. जे हवं होतं ते सगळं मिळालं.

घरीही मिळालं. मालकीणबाईंनी काय झालं ते बायकोच्या कानावर घातलं होतं. ती त्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली, किती तरी वर्षांनी माझा हात हातात घेतला. "दुसऱ्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावलीत. मला नव्हतं हो वाटलं, तुमच्यात हे असेल." सासूबाई आता थोरल्या जावयाचंच नाव काढतात.

मी बायकोला खरं सांगितलं. दोनदा सांगितलं. ती हसली. "पुरे हो तुमचा विनय."

मास्तरला तिकडे एका छापखान्यात काम लागलंय, अर्धा दिवस. भावजयीशी मेव्हणीची धुसफूस चालू असते. ती दर आठवड्याला बहिणीला फोन करते आणि रडते. परवा बोलता बोलता तिने मला फोन द्यायला सांगितलं. बायकोने फोन माझ्या कानाला लावला आणि कौतुकाने बघत उभी राहिली.

"भाऊजी," मेव्हणी म्हणाली, "तुम्ही यांच्यासाठी खोटंसुद्धा बोलायला तयार झालात. सख्खा भाऊ करणार नाही ते तुम्ही केलंत. मी जन्मात विसरणार नाही. मुलींनाही सांगून ठेवलंय, मोठं झाल्यावर मावशीच्या घराकडे बघायचं, काकांना काही कमी पडू द्यायचं नाही. हे पण हो म्हणाले."

मागे मास्तर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत असल्याचं ऐकू येत होतं. त्याने तिलाही सांगितलं नव्हतं. बायको माझ्याकडे बघत होती.

"अगं, त्यात काय एवढं," मी म्हणालो.